खबर अजून वाटंत हाय

उस्मानभाई गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. माझी घोडेगावला बदली झालेली. जुन्नरहून आलेल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने मोटार स्टँडवर बोलता बोलता सांगितलं, "ते कागदवाले, लढाईचा खेळ मांडायचे ते... गेले की." आणि हसून पुढे म्हणाला, "मानूस सोन्यासारखा, पन खेळ त्यांचा खोटा निघाला व्हता, राव." मी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याची मला लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

जुन्नरच्या शाळेत मी इतिहास शिकवत असे आणि उस्मानभाई हातकागद बनवत. मुलांना लढाई समजावी म्हणून मी एका फळीवर मातीचे डोंगर, ओढे आणि गड करून सोंगट्यांचा खेळ मांडला होता. कागद आणायला गेलो तेव्हा तो मोठ्या तोऱ्यात त्यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ न्याहाळला. "गुरुजी, ह्या किल्लेदाराला डोंगरापल्याडची फौज दिसतीय ती कशी? तो काय घार हाय?" मला रागच आला. पुढच्या बाजारी ते मला बेल्ह्याला घेऊन गेले. तिथे बैलांचे व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत होते. उस्मानभाई म्हणाले, "एवढं शेजारी उभं ऱ्हाऊन आपल्याला काय कळतंय? तोंडावरनं अंदाज. लढाईत सरदाराला तेवढंच गावतं."

तिथून खेळ बदलला. दोन फळ्या, मध्ये गोणपाटाचा पडदा, ज्याला त्याला आपलीच फौज दिसणार. दोन्ही बाजू पाहणारे एकटे उस्मानभाई. हेराने पाहिलेलं ते चिठ्ठीवर उतरवत आणि चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात टाकत. जासुदाला यायला जितका वेळ लागेल तितक्या खेळी ती डब्यातच राहायची. कोणी घाई करू लागला, की ते म्हणत, "खबर अजून वाटंत हाय." कुठल्या वाटेला किती खेळी, हे ठरवायला आम्ही शिनोलीच्या धोंडिबामागून घाटवाटा तुडवल्या. धोंडिबा भातशेती करणारा, रानवाटा पायाखालच्या. त्यानेच एकदा सांगितलं, "लांबनं मानसं मोजता येत न्हाईत, गुरुजी. चुलींचा धूर दिसतो. आन् मानसं कमी असली, की शानी फौज चुली जास्ती पेटवती." झालं, त्या दिवसापासून चिठ्ठीवर आकडा बंद, फक्त धुराच्या रेघा.

मग शाळा तपासायला साहेब आले. त्यांना खेळ पटला असता तर तो तालुक्यातल्या शाळांतून गेला असता, आणि उस्मानभाईंनी त्यासाठी दोन वर्षं घातली होती. मी गडाच्या बाजूने बसलो, समोर धोंडिबा. माझी सगळी फौज पुढच्या दरवाजाशी आणि पडद्याआड धोंडिबा गप्प. साहेबांदेखत या शेतकऱ्याकडून हरायचं? पडद्याच्या शिवणीत बोटभर फट होती. मी डोकावलो. धोंडिबा मागच्या चोरवाटेने चढत होता. मी लगोलग फौज मागे वळवली. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग...

उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या वाटेची चिठ्ठी अजून दोन खेळी डब्यातच राहायची होती, म्हणजे धोंडिबाची चाल मला कळायचा प्रश्नच नव्हता. ते बोलले असते तर माझी अब्रू तिथेच गेली असती, कदाचित नोकरीही. त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खेळ थांबवतो, सायेब. माज्या नियमात कायतरी खोट ऱ्हायलीय." साहेब उठून गेले. खेळ नामंजूर झाला, गावात हसं झालं. संध्याकाळी मी त्यांना विचारलं, तसाच पुढे चालू का दिला नाहीत? "तसा चालवला असता तर खेळ खोटा झाला असता, गुरुजी. आता फकस्त मी झालो." एवढं बोलून ते फटीवर कागदाचा तुकडा चिकटवू लागले. नंतर कधी त्यांनी तो विषय काढला नाही. येईल त्याच्याशी खेळ मांडत राहिले आणि हसणाऱ्यांना चहा पाजत राहिले. मी मात्र तोंड उघडलं नाही.

उस्मानभाईंच्या चाळिसाव्या दिवसाला जुन्नरला गेलो. त्यांच्या बायकोने, जैबूनभाभींनी, चिठ्ठ्यांचा गठ्ठा हौदाशी आणून ठेवला होता. जुना कागद भिजवून पुन्हा लगदा करायचा, ही त्या घराची रीतच. "खोटा खेळ, ठेवून काय करू?" त्या म्हणाल्या. "पन खोट कुठं व्हती, ते त्यांनी शेवटपत्तोर सांगितलं न्हाई." मी सांगितलं. सगळं, त्या फटीसकट. भाभींनी गठ्ठा हौदापासून मागे ओढला. मग म्हणाल्या, "हे माज्यापाशी बोलून काय व्हनार? हसलं ते गाव."

म्हणून हे छापायला देतो आहे. त्या साहेबांचा पत्ताही शोधून काढला आहे, त्यांनाही अंक पाठवणार. खेळात खोट नव्हती, खोट माझ्यात होती. चिठ्ठ्या भिजवल्या नाहीत. दर रविवारी मी जुन्नरला जातो, धोंडिबाही येतो, आणि मध्ये आता भाभी बसतात. परवा पहिलीच खेळी झाली आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "गुरुजी, खबर येईपत्तोर तुमी भिंतीकडं तोंड करून बसा."

मी वळून बसलो.