पांढऱ्या चौकोनाखाली

मी पेंटर होतो. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या मागची नावं, मांडवाच्या कमानीवरचं 'सुस्वागतम्'. आमच्या धाड गावच्या बाजारात माझ्या अक्षरांशिवायची भिंत दाखवा, असं मी लोकांना सांगत असे. दाखवायला कोणी जात नसे, म्हणून ते खरंच राहिलं. मग स्टँडासमोरच्या रेडियमच्या दुकानात कॉम्प्युटर आला, त्याला जोडलेलं रेडियम कापायचं यंत्र आलं, आणि ज्यांना मी दोन दिवस लावायचो ती गाडीवरची नावं अर्ध्या तासात चिकटायला लागली. घरी माझ्या डब्यातलं टर्पेंटाइन उडून गेलं, ब्रशाचा दगड झाला.

शेवटी मीच त्या दुकानाच्या शेठकडे गेलो.

"शिकून घ्या पेंटर," ते म्हणाले. "आठ दिवस देतो. आठव्या दिवशी एका गाडीचं काम तुमच्या हातानं झालं तर राहा. नाही झालं तर राम राम. माह्याकडं बसाले खुर्ची एकच हाय."

शिकवणार होत्या शेठची बायको, म्हणजे आमच्या भाभी. त्यांनी बुलढाण्याला कोर्स केला होता, आणि त्या कुठलीही गोष्ट एकदाच सांगायच्या.

पहिलं साधन बाण. बाणानं आधी वस्तू पकडायची, मग तिचं काय करायचं ते सांगायचं. आता, मी आयुष्यात कुठल्या अक्षराला आधी पकडलं नव्हतं. मी थेट रंग निवडायचो आणि तो भलत्याच कशाला तरी लागायचा. दुसरं साधन गोल. माझा गोल खिळा आणि सुतळीनं मधून सुरू व्हायचा. इथला गोल कोपऱ्यातून ओढायचा. गोलाला कोपरा कसा असतो, हे मला आजही कोणी समजावून सांगितलेलं नाही. रेघ जाड व्हावी म्हणून मी माऊस दाबायचो, जसा ब्रश दाबतात तसा.

"भाऊ, काऊन दाबून राह्यले एवढं?" भाभी म्हणायच्या. "मिरच्या वाटता का?"

मग ते पेनचं साधन. एक ठिपका ठेवला, दुसरा ठेवला, मधे रेघ आली. इथपर्यंत मी शहाणा. पण दुसरा ठिपका ठेवताना बोट न उचलता ओढलं की रेघेला बाक यायचा आणि ठिपक्याला दोन्हीकडून दोन काड्या फुटायच्या. डावीकडची काडी ओढावी तर उजवीकडची रेघही हलायची.

"हे असं काऊन होते, भाभी?"

"असंच असते."

या उत्तरावर मी तीन दिवस काढले.

पुसायचं बटणही त्यांनी दाखवलं होतं. पण ते एकदा दाबल्यावर माझा दुपारभर बसून काढलेला 'क' नाहीसा झाला, तेव्हापासून मी त्याच्या वाटेला गेलो नाही. आणि गरजही नव्हती. पाटीवर चूक झाली तर पेंटर काय करतो? वर पांढऱ्याचा एक हात मारतो आणि पुढचं अक्षर काढतो. मीही तेच केलं. चुकलं की वर पांढरा चौकोन. पडदा स्वच्छ दिसायचा, मला फार बरं वाटायचं.

आठवा दिवस बाजाराचा निघाला. बुलढाणा रोडवर जीप चालवणारा एक जण सकाळीच आला. नवी घेतलेली जुनी जीप, पुढच्या काचेवर 'आईची कृपा' पाहिजे. खुद्द आई नारळ घेऊन पुढच्या सीटवर बसलेली. शेठनी माझ्याकडे बोट केलं आणि बाहेर चहाला गेले. भाभी मागे घरात होत्या.

कॉम्प्युटरमधली तयार अक्षरं मला पसंत नव्हती. त्यांना पोटच नव्हतं. मी स्वतः अक्षरं काढायला बसलो. 'आ' चार वेळा बिघडला, चारही वेळा पांढरा चौकोन. मग हात मोकळा व्हावा म्हणून थोडी मस्करी केली. एक मोठा लंबगोल काढला, ते शेठचं पोट. वर लहान गोल, ते डोकं. त्यात चष्म्याचे दोन. आणि पेनच्या साधनानं मला आठ दिवसांत जमलेला एकमेव सुंदर बाक, ती त्यांची मिशी. इतक्यात शेठची चप्पल वाजली. मी घाईनं पांढरा चौकोन टाकला आणि त्यावरच 'कृपा' उभी केली.

शेठ पडद्याकडे पाहून म्हणाले, "बढिया. सोडा मशीनवर."

यंत्र कर्र कर्र करत चाललं, आणि चालतच राहिलं. शेठ म्हणाले, "दोन शब्दांले एवढा टाइम?" मग त्यांनी अक्षरांभोवतीचं फालतूचं रेडियम सोलायला घेतलं आणि हातात चिवडा आला. 'आ' चे पाच आ, चौकोनांच्या चिंध्या. 'कृपा' च्या जागी मात्र अक्षरांच्या चिरा पडलेला, तरी ओळखू येणारा एक तुकडा निघाला. पोट, चष्मा, मिशी.

"भाभी!" मी ओरडलो.

भाभी आल्या, त्यांनी एक बटण दाबलं. पडद्यावरचे रंग गेले, नुसत्या रेघा उरल्या. माझ्या सगळ्या चुका एकमेकींच्या अंगावर बसून माझ्याकडे पाहत होत्या.

"भाऊ, मशीनले रंग दिसत नाही. तिले रेघ दिसते. तुम्ही पांढरं टाकलं, तिनं तेही कापलं, खालचंही कापलं." मग त्यांची नजर त्या लंबगोलावर गेली. "आन् हे कोन?"

जीपवाला शेठकडे एकदा, तुकड्याकडे एकदा पाहून म्हणाला, "मिशी बराबर जमली बाप्पा."

शेठनी तो तुकडा घडी करून खिशात घातला. फाडला नाही, हसलेही नाहीत.

भाभींनी तयार अक्षरांत दोन शब्द लिहिले, दहा मिनिटांत कापले. चिकटवायला कोणी तरी हवं होतं. मी गुमान काचेवर साबणाचं पाणी मारलं, अक्षरं ठेवली, पट्टी फिरवली. ओळ सरळ यावी म्हणून दोरी धरली नाही, खूण केली नाही. जीपच्या आईनं खाली उतरून पाहिलं, म्हणाली, "सरळ हाय." नारळ फुटला, जीप गेली.

जीप दिसेनाशी झाल्यावर शेठ माझ्याकडे वळले. म्हणाले, "उद्या नऊले या. माऊसले हात लावाले नाही."

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "लागलं का काम?"

"हाव."

"कशाचं?"

हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.