पर्जन्यमापक आणि आमचा ढोटे

आमच्या पंपहाउसवर चहा आला, की एखादा किस्सा निघतोच. इतकी वर्षं माझं नि ढोटेचं टेबल शेजारी शेजारी, किस्से साचणारच! फक्त प्रत्येकात हिरो तोच असतो, हे मला झोंबतं.

*

पर्जन्यमापक बसवायचा होता. आमच्या वसाहतीच्या सेक्टर 2 मध्ये जिकडेतिकडे झाडं, म्हणून तो पंपहाउसच्या छतावर गेला. वर जायला डुगडुगती लोखंडी शिडी, आणि छतावरही कडुनिंब वाकलेलाच! साहेबांनी विचारलं, "पत्ते कौन साफ करेगा?"

मी बूट काढेस्तोवर ढोटे अर्ध्या शिडीवर! साहेब म्हणाले, "इसको कहते हैं स्पिरिट!" मी एका पायात बूट घालून उभा.

*

एकदा दुपारभर धो धो पाऊस कोसळला. नोंद शून्य! ढोटे सुट्टीवर होता, आणि मी काही वर गेलो नव्हतो. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पानांचं बूच बसलेलं.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन. ढोटेनं बूच काढलं, तुंबलेलं पाणी खाली उतरलं, आणि यंत्रानं त्या कोरड्या दिवशी मुसळधार पाऊस नोंदवला! हेड ऑफिसातून फोन : "आपके यहाँ बिना बादल के बरसता है क्या?"

ओरडा मला, शाबासकी ढोटेला.

*

मग त्यानं नरसाळ्यावर चहाची गाळणी बसवली. पानं वरच अडकणार, रोज झटकली की झालं. मीटिंगमध्ये टाळ्या! घरी सांगितलं, तर बायको म्हणते, "शिका काई! तुमाले कूलरची जाळी धुवाले तीनदा सांगा लागते."

मला जेवण गेलं नाही.

*

एका रविवारी मी गुपचूप वर चढलो. म्हटलं, दाखवूच साहेबांना! चढलो ऐटीत, पण उतरायला पाय टाकला आणि शिडी डुगडुगली. तासभर छतावरच बसून. खालून ढोटे भाजी घेऊन चाललेला.

"भाऊ, वर काय करून राहिले?"

"हवा खाऊन राहिलो!"

त्यानं पिशवी ठेवली, वर आला, आणि माझा एकेक पाय धरून पायरीवर टेकवत मला उतरवलं. सोमवारी कुणाला चकार शब्द नाही! बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

*

गेल्या पावसाळ्यात ढोटे घरातच घसरला. पाय प्लास्टरमध्ये, चार्ज माझ्याकडे. मी शिडीला हातही लावला नाही, तरी नोंदी एकदम चोख. मनात म्हटलं, यंदा झाडच थकलं, पानं गळतच नाहीत! साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ढोटे से भी बढ़िया!" मी घरी जाताना पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती, म्हणून सकाळी सहालाच पोचलो. शिडीवर ढोटेची बायको! पदर खोचलेला, हातात ब्रश.

"वहिनी, तुमी कावून?"

"यायनंच धाडलं मले, मी रोज येतो. म्हणे, भाऊचं नाव खराब नाही झालं पायजे." तिनं वाकून खाली पाहिलं. "शिडी लय हालते, भाऊजी. धरता का जराशी?"