गळती कुटं हाय ते सांगा

सोजरबाई वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या. पण राग आला की त्यांच्या तोंडून थेट माहेरचं मोडनिंब बाहेर पडायचं. ‘आहे’चं ‘हाय’ झालं की मुली समजायच्या, आता वह्या उघडायच्या आणि माना खाली घालायच्या.

बाई सोलापुरात विजापूर रोडला राहायच्या आणि मोहोळ-वैराग रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. विषय विज्ञान, पण जीव खो-खोत. लहानपणी त्या स्वतः खेळायच्या, ते वडिलांनी आठवीत बंद केलं. त्यावर त्या कधी फारसं बोलल्या नाहीत. फक्त शाळेत रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मैदानात दोन खांब रोवून घेतले. गाडी मात्र त्या चाळिशी उलटल्यावर शिकल्या आणि एका सहकाऱ्याची जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी आता एकोणीस वर्षांची होती. काच हातानं फिरवून खाली करावी लागे, पण इंजिन खणखणीत होतं.

पावसाळा सरता सरता त्या गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, कमी व्हायला लागलं. दर आठ दिवसांनी डबीतली पातळी दोन बोटं खाली. गाडीखाली मात्र एक थेंब नाही. बाईंनी गाडी महेश्वरकडे नेली. होटगी रोडला त्याचं गॅरेज होतं, माणूस गोड बोलायचा. पहिल्या खेपेला त्यानं क्लिपा आवळल्या, दुसऱ्या खेपेला वरचा होज पाइप बदलला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, “आता टेन्शन घेऊ नका ओ मॅडम, पक्कं काम केलंय.” काय केलं, ते त्यानं सांगितलं नाही. बाईंनी विचारलं तर हसून म्हणाला, “टेक्निकल असतंय ते.”

डिसेंबरात शाळेच्या मुलींचा संघ तालुका जिंकून जिल्ह्याच्या स्पर्धेत गेला; सामना सोलापुरात होता. बारा मुली. आठजणी दुसऱ्या गुरुजींबरोबर जीपनं पुढं गेल्या आणि चौघी बाईंच्या गाडीत बसल्या. त्यांत कर्णधार ऋतुजा होती. दहाला मैदानात हजेरी द्यायची होती, म्हणून त्या गावातून सव्वासातलाच निघाल्या.

मोहोळ मागं पडलं. लांबोटीच्या अलीकडं बाईंचं लक्ष काट्याकडं गेलं. रोज मध्यावर असणारा तापमानाचा काटा वर सरकत होता. त्यांनी लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. ऋतुजा बाटली घेऊन पुढं झाली तशा बाई ओरडल्या, “मागं हो! झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल.”

त्यांनी महेश्वरला फोन लावला. तो म्हणाला, “बॉनेट उघडून थंड होऊ द्या, काय होत नाही.” एक तास गेला. पाणी ओतून गाडी सुरू केली, तर दोन किलोमीटरवर काटा पुन्हा टोकाला. जीपवाल्या गुरुजींना फोन केला, पण जीप तोवर पुढच्या भाड्याला निघून गेली होती. हायवेवरच्या गाड्या थांबत नव्हत्या. शेवटी एका एसटीच्या कंडक्टरला दया आली. मैदानात पोचायला पावणेअकरा वाजले.

खो-खोला मैदानात नऊजणी लागतात. तिथं आठजणी होत्या. दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत पंचांनी वाट बघितली आणि समोरच्या संघाला विजयी घोषित केलं. बाई पोचल्या तेव्हा त्या आठजणी गणवेशात, बुटांच्या नाड्या घट्ट बांधून, एका रांगेत बसलेल्या होत्या. कुणी रडत नव्हतं. ते बघून बाईंना जास्त झोंबलं.

संध्याकाळी त्या घरी भाकरीचं पीठ मळत होत्या. गाडी ओढून आणून दारात लावलेली. फोन वाजला तो त्यांच्या नवऱ्याचा, सयाजीरावांचा. महेश्वर होता. सयाजीरावांनी फोन स्पीकरवर टाकला.

“साहेब, इंजिनाचं हेड गॅस्केट गेलंय बघा. मॅडमनी काटा बघितला नसणार. लेडीज लोकांचं तसंच असतंय, ध्यान सगळं समोर. इंजिन उतरवावं लागंल.”

सयाजीराव म्हणाले, “गाडी तिची हाय. तिच्याशी बोला.” आणि फोन बाईंच्या तोंडाजवळ धरला, कारण बाईंचे हात पिठात होते.

“काटा मी बघितला म्हणून इंजिन वाचलं,” बाई म्हणाल्या. “तुमी काय बघितलं? तीन डाव गाडी आणली तुमच्याकडं. गळती कुटं हाय ते सांगा की!”

“बघूया की मॅडम, आणा उद्या.”

“तुमी नका बघू. आता मीच बघते.”

रविवारी सकाळी त्यांनी पदर खोचला. गाडीखाली जुनी पांढरी चादर रात्रभर पसरलेली होती, ती कोरडी निघाली. म्हणजे थंड असताना गळत नाही. मग त्यांनी डबी खुणेपर्यंत भरली, कॉलनीला चार चकरा मारल्या, काट्यावर नजर ठेवून, आणि इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं. नाक पुढं केलं. गोडसर, काकवीसारखा वास. डावीकडं नाही, पुढं नाही. मागं, इंजिन आणि केबिनच्या पत्र्यामधल्या चिंचोळ्या फटीत. तिथं डोकं जात नव्हतं. त्यांनी सयाजीरावांचा दाढीचा आरसा मागवला.

“अगं, तो फुटंल,” सयाजीराव म्हणाले.

“फुटू दे. तुमी ब्याटरी धरा.”

आरशात दिसलं. सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर, इंजिनाच्या अंगावरून खाली उतरलेला हिरवट-पांढरा, क्षार साठलेला ओघळ. कूलंट झिरपत होतं आणि जमिनीवर पडायच्या आधीच त्या पाइपावर उडून जात होतं. तीन महिने. बाई मागं सरकल्या, हात पुसले आणि आरसा पुसून पर्समध्ये टाकला. सयाजीरावांना वाटलं, शोध लागला म्हणून राग उतरला असेल. तो उलट चढला होता. दोन रुपयांच्या आरशात दिसणारी गोष्ट त्या माणसानं वाकून बघितली नव्हती.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, गाडी पुन्हा ओढून नेऊन त्या गॅरेजात उभ्या राहिल्या.

“इंजिन उतरवायचं नाही. प्रेशरचा पंप लावा.”

“मॅडम, त्यानं काय कळत नाही ओ.”

“तुमच्याकडं हाय का न्हाय?”

होता. फळीवर धूळ खात पडला होता. महेश्वरनं तो रेडिएटरच्या तोंडावर बसवला आणि हवा भरली. पंपावरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा चढला आणि हळूहळू उतरायला लागला. बाईंनी पर्समधून आरसा काढून त्याच्या हातात दिला. महेश्वर वाकला. आरसा इकडंतिकडं फिरवत म्हणाला, “डमी हाय.”

इंजिनाच्या अंगाला कारखान्यातून आलेली गोल भोकं असतात, ती पत्र्याच्या छोट्या वाटीसारख्या टोपणांनी बंद केलेली असतात. त्या टोपणाला गॅरेजात डमी म्हणतात. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोरचं खारं पाणी घातलेलं, त्यानं एक डमी आतून गंजून तिला सुईएवढं भोक पडलं होतं.

“म्हणजे गॅस्केट न्हाय?”

“नाही.”

“आणि काटा मी बघितला नसणार, तेबी न्हाय?”

महेश्वरनं रेडिएटरच्या तळाची पाणी सोडायची चावी उघडली. उसाच्या मळीसारखा दाट तपकिरी गाळ बादलीत पडायला लागला. विज्ञानाच्या बाई त्या. त्यांनी बोटावर घेऊन चोळून बघितला.

“हा गंज न्हाय. हे काय घातलंय?”

“गळती बंद करायची पावडर,” महेश्वर खालच्या आवाजात म्हणाला. “मागच्या डावाला.”

“मला विचारलं व्हतं?”

“सगळेच घालतात ओ मॅडम.”

“सगळे घालतात! गळती तशीच राहिली आणि रेडिएटर चोंदला. म्हणून गाडी उकळली. तीन महिने झिरपून उकळली नव्हती, तुमच्या पक्क्या कामानं उकळली. व्हय का न्हाय?”

गॅरेजातले दोघे-तिघे काम सोडून बघायला लागले. महेश्वर गाळाकडं बघत म्हणाला, “व्हय.”

मग त्यानं काम केलं आणि नीट केलं. सायलेन्सरचा पाइप सोडून बाजूला घेतला, जुनी डमी ठोकून तिरकी केली, पक्कडीनं ओढून काढली. जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासली आणि पितळेची नवी डमी सरळ ठोकून बसवली. रेडिएटर उतरवून उलट्या बाजूनं धुतला. पुन्हा पंप लावला. बाई स्टुलावर बसून घड्याळाच्या काट्याकडं बघत राहिल्या. वीस मिनिटं काटा जागचा हलला नाही.

“बिल नको मॅडम,” महेश्वर म्हणाला.

“बिल द्या. ते मी देणार. तुमी शनिवारी सकाळी शाळेत या.”

“कशाला?”

“गावात म्हणतात, बाईला गाडी चालवता येत न्हाय म्हणून पोरींची म्याच गेली. ऋतुजाची आजी तोंडावर बोलली मला. ते तुमी येऊन सांगा, काय झालं ते.”

तो येईल असं सयाजीरावांनाही वाटलं नव्हतं. पण शनिवारी परिपाठ संपता संपता महेश्वर मोटारसायकलवरून आला. इस्त्रीचा शर्ट, हात घासून धुतलेले. बारा मुली, गुरुजी आणि मुद्दाम बोलावलेली ऋतुजाची आजी. बाईंनी त्याला खुर्ची दिली नाही.

“गाडी माझ्यामुळं बंद पडली,” तो म्हणाला. “मी न विचारता पावडर घातली. बाईंची चूक नव्हती. त्यांनी गाडी वेळेवर थांबवली.”

आजी पुटपुटली, “मग असं सांगायचं की आदी.”

ऋतुजानं हात वर केला, वर्गात करतात तसा. “मग म्याच परत हुईल का?”

महेश्वरनं बाईंकडं बघितलं. बाईंनी त्याची सुटका केली नाही. “तिनं तुमाला इचारलंय,” त्या म्हणाल्या.

“नाही होणार, बाळ,” तो म्हणाला.

ऋतुजानं मान हलवली आणि खाली बसली.

जानेवारीत ती चौदा वर्षांची झाली. चौदा वर्षांखालच्या गटातून तिला पुन्हा खेळता येणार नव्हतं आणि पुढच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. संघ काढा म्हणून सोजरबाई त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना दोनदा भेटून आल्या आहेत, तिसऱ्यांदा जाणार आहेत. गाडी अजून महेश्वरकडेच जाते, कारण आता तो आधी पंप लावतो आणि मग बोलतो. बाई त्याच्याशी कामापुरतं बोलतात. सयाजीराव म्हणतात, झालं गेलं, आता सोड की. बाई म्हणतात, “माझं असतं तर सोडलं असतं.”