ज्याचा माल, त्याचा खर्च

खोट काढण्याच्या बाबतीत आमच्या समोरच्या काकांचा हात धरणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत सापडायचा नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बाहेरून आलेला माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माल चांगला असला तर पास करायचा, नाहीतर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचा, एवढंच काम. पण ते अंगात इतकं भिनलेलं की बाजारात भेंडीसुद्धा ते उजेडाकडे धरून बघत, आणि आपल्या लेकाच्या लग्नपत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी मांडवात, पाहुण्यांसमोर वाचून दाखवल्या होत्या. काकी हसून म्हणायच्या, "नशीब, मला बघायला आले तेव्हा यांना नोकरी लागली नव्हती. नाहीतर मलापण चिठ्ठी लावून परत पाठवलं असतं."

निवृत्तीनंतर चाळीतली खोली सोडून दोघं कोपरला, आमच्या समोरच्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये राहायला आली. अशा माणसाच्या वाट्याला नेमका असा फ्लॅट यावा, याला काय म्हणावं! बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडला की गार पाणी यायचं. बेसिनचा नळ गळायचा. गॅलरीचं सरकतं दार काही केल्या सरकत नसे. आणि त्यांच्या दारावरची बेल दाबली की वाजायची आमच्या घरात. कागदाच्या लाल चिठ्ठ्या कापून काकांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वस्तूवर चिकटवल्या आणि घरात फर्मान काढलं, "कशालाच हात लावायचा नाय. ज्याचा माल, त्याचा खर्च. आपण प्लंबर बोलावला की चूक आपली झाली."

त्यामुळे त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी आमच्याकडे येई. गॅसवाला, कुरिअरवाला, काकींची भिशीची मैत्रीण, सगळ्यांना दार मीच उघडायची आणि समोर बोट दाखवायची. माझा भाऊ इलेक्ट्रिशियन. तो म्हणाला, "काका, पाच मिनिटांचं काम आहे, पैसे पण नकोत." काका त्याच्यावर असे काही धावून गेले, जणू त्याने चोरीच केली होती. "पुरावा आहे तो! हात लावशील तर बघ!"

दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते बिल्डरच्या ऑफिसात जायचे. तिथला मॅनेजर त्यांना चहा पाजायचा आणि सांगायचा, "काका, नळाची जबाबदारी नळवाल्या कंपनीची. आणि वापरल्यावर नळ खराब होणारच ना?" एवढं ऐकलं आणि काकांनी घरी येऊन बाथरूममधल्या नळांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. आता वापर बंद! काकी स्वयंपाकघरातून बादल्या भरून बाथरूममध्ये न्यायला लागल्या. "अहो, नळ आहे तो, आरोपी नाही," असं त्यांनी सांगून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चाळीत सगळ्यांच्या नळावरून पाणी आणलं, आता माझ्याच नळावरून माझ्याच नळापर्यंत नेते बघ." आणि खो खो हसल्या.

पण एका गोष्टीवर त्यांना हसता येत नसे. त्यांची एकुलती एक धाकटी बहीण शहाडला राहायची. भंतेजींना बोलवावं, वंदना व्हावी, पातेलंभर खीर करावी आणि बहिणीला हाताला धरून घर दाखवावं, एवढीच काकींची हौस होती. काका म्हणायचे, "गृहप्रवेश केला म्हणजे माल पास केला. आधी बिल्डरला सगळं दुरुस्त करू दे." बहिणीचा फोन यायचा, "ताई, कधी बोलवतेस?" नवऱ्याला नावं ठेवणं काकींच्या स्वभावात नव्हतं. त्या म्हणायच्या, "अगं, काम चालू आहे अजून." बहीणही मानी, बोलावल्याशिवाय पायरी चढणार नाही. हळूहळू तिचे फोन कमी झाले. एकदा माझ्याकडे भाजी निवडताना काकी म्हणाल्या, "तिला वाटतं, फ्लॅट घेतला आणि ताईला मस्ती आली."

त्या दिवशी मी रागाने काकांना म्हटलं, "काका, खीर खायला नळ लागत नाही!" ते म्हणाले, "तुला नाय कळायचं. एकदा हो म्हटलं की आपलं तोंड बंद." मला त्यांचा इतका संताप कधीच आला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात काकींना ताप आला, तो छातीत उतरला, आणि हॉस्पिटलमधून त्या परत आल्याच नाहीत.

बातमी बिल्डरच्या ऑफिसात पोचली. मॅनेजरला लाज वाटली की काय कोण जाणे, दोनच दिवसांत त्याने माणसं पाठवली. नवे नळ बसले, दार सरकू लागलं, बेल जागेवर आली, सगळं बिल्डरच्या खर्चाने. काका जिंकले होते. ते खुर्चीत बसून राहिले, उठून एक नळही त्यांनी सोडून पाहिला नाही.

काकींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं. चाळीतल्या बायका आल्या, भंतेजी आले, आणि शहाडची बहीण आली. वंदना झाल्यावर ती एकटीच घरभर फिरली. गॅलरीचं दार सरकवून पाहिलं, बेसिनच्या नळाखाली हात धरला. मग बाहेर येऊन काकांसमोर बसली. "दाजी, सगळं तर छान आहे. मग ताई मला का बोलवत नव्हती? माझं काय चुकलेलं?"

काकांनी घरभर नजर फिरवली. तिला दाखवायला आता एकही खोट उरली नव्हती.

"ती रोज म्हणायची, बोलवू या," ते म्हणाले. "मीच नाय म्हणायचो. तिची काही चूक नव्हती, बाई. तिच्यावर राग धरू नको." आणि लेकाच्या लग्नातही डोळ्यांतून टिपूस न काढलेला तो माणूस सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडला. माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला.

बहिणीने डोळे पुसले. ती उठली, पदर खोचला आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. डबे कुठे आहेत ते तिला माहीत नव्हतं, म्हणून मी साखर काढून दिली. काकी असत्या तर पहिल्यांदा घरी आलेल्या बहिणीला त्यांनी ओट्याजवळ फिरकूसुद्धा दिलं नसतं.