व्हर्नाच्या घरावर उनाची हरकत

"व्हर्ना, आधी एवढं कबूल कर, की ती काळी भिंत तूच पसंत केलीस. नकाशा समोर होता आणि तू 'सुंदर आहे' म्हणालीस. बाकीचं सांगतेच."

उना पास्कोने पत्र इथवर लिहिलं आणि चहा टाकला.

व्हर्ना हॉस्किन म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मेरीबरोत शाळेची बस एकतीस वर्षं चालवलेली बाई. पुरातसुद्धा तिने कुणाला रस्ता विचारला नव्हता. घर लाकडी, उंच खांबांवर उभं, पुढे सतरा पायऱ्या. स्वयंपाकघरात सिंकच्या वर काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी, बरोबर शेजारच्या उनाच्या खिडकीसमोर. पट्ट्या सताड उघड्या दिसल्या, की किटली चढली असं समजायचं. एकेचाळीस वर्षं हे चाललं होतं. त्यावर चर्चा कधी झाली नव्हती.

मग व्हर्नाच्या सुनेने, ब्रिस्बेनच्या आर्किटेक्ट टॅमसिनने, घराला मागे जोडायचा नवा भाग आखला आणि नकाशा काउन्सिलकडे, तिथल्या नगरपालिकेकडे, मंजुरीला दिला. जमिनीलगत झोपायची खोली, न्हाणीघर, नवं स्वयंपाकघर. अंगणाकडे सगळी काच. उनाच्या बाजूला काळ्या पत्र्याची भिंत, एकही खिडकी नसलेली.

"उनाची प्रायव्हसी जपलीय," टॅमसिन म्हणाली.

"सुंदर आहे," व्हर्ना म्हणाली, आणि तशीच उठून उनाकडे आली.

"काउन्सिलला हरकत पाठव. शेजाऱ्यांना पंधरा दिवस आहेत."

"तुझ्याच घरावर?"

"मी नाही म्हटलं तर खाष्ट सासू ठरेन. तू म्हटलंस तर खवट शेजारीण. ती तू आहेसच."

मुद्दा बिनतोड होता. उनाने जन्मभर गणित शिकवलेलं. तिने चार कलमी हरकत लिहिली. मागणी एकच, भिंतीला खिडकी हवी. पाकिटाला तिकीटही लावलं.

बाराव्या दिवशी टॅमसिन स्वतःच नकाशा घेऊन आली. "काही खटकत असेल तर आत्ताच सांगा, उना. हरकत आली तर सगळं पुन्हा काउन्सिलपुढे जाणार, आणि काम पुढच्या हिवाळ्यावर." मग आवाज उतरवून म्हणाली, "व्हर्ना यंदा त्या पायऱ्यांवरून दोनदा पडल्यात. तुम्हाला ठाऊक असेलच."

उनाला ठाऊक नव्हतं. तिला दोन्ही वेळा गुलाब छाटताना खरचटल्याचं सांगितलं होतं. व्हर्नाकडे गुलाब नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"मला काय खटकायचंय?" उना म्हणाली. "रंग तेवढा काळा आहे."

पंधराव्या दिवशी व्हर्नाने विचारलं, "टाकलीस पोस्टात?"

"टाकली."

महिन्याभराने पुन्हा. "काय झालं?"

"फेटाळली."

"गाढवं मेली," व्हर्ना म्हणाली.

आता नव्या स्वयंपाकघरात किटली चढली की व्हर्ना फोन करते. पायरी नाही म्हणून कधी स्वतःच चालत येते, आणि भिंतीला वळसा घालताना काउन्सिलला मोठ्याने शिव्या देते. उना मान डोलावते.

चहा निवला. उनाने पत्राची घडी घातली आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिली, हरकतीच्या पाकिटावर. पोस्टाची पेटी कोपऱ्यावरच आहे.