गोणपाटाचा थांबा

फेकायचं पाणी पिऊन ‘वा!’ म्हणणारी बाई अख्ख्या जव्हारात मी एकटीच निघाले. तेव्हा साठीची होते. अक्कल यायला वेळ भरपूर मिळाला होता, पण सुगरणपणाचा तोरा एवढा, की तिला आत शिरायला जागाच नव्हती.

हे घडलं शेजारच्या कंट्रोलरभाऊजींकडे. एसटी डेपोतून निवृत्त झाले तरी गाड्यांच्या घोषणा करायची त्यांची सवय सुटली नव्हती. कुकरची शिट्टी झाली तरी “सुटली!” म्हणायचे. बोटीवरच्या पुतण्यानं त्यांना चीनचा पु-एर चहा आणून दिला होता. काळी, दाबलेली वडी. मी तर गोवरीच समजले. हा चहा लोणच्यासारखा मुरवतात म्हणे. भाऊजींनी पंधरा वर्षं कपड्यांच्या कपाटात मुरवला, आणि नेमकी एका तापात त्यांच्या तोंडाची चवच गेली.

“वहिनी, तासभर तुमची जीभ द्या. काय लागतं ते सांगत जा. पण खरं.”

तुकड्यावर उकळतं पाणी पडलं. “पहिली गाडी!” भाऊजींनी घोषणा केली. मी लगेच कप तोंडाला लावला. “वा! काय सुरेख!”

“अहो, ही गाडी धुवायला चालली होती! पहिलं पाणी फेकायचं असतं. तांदळाचं धुवण पिता का?”

पानं तीच, पाणी नवं. दुसरा कप. अगंबाई, हे तर ओलं गोणपाट! पण पंधरा वर्षं जपलेल्या चहाला असं म्हणायचं कसं? “छान.” तिसऱ्यात गोणपाट गायब, भिजलेल्या लाकडाचा वास. “छानच.” चौथा गिळला आणि घशातून मागाहून गोडी आली, आवळ्यावर पाणी प्यावं तशी. गूळ टाकला की काय, म्हणून किटलीचं झाकण उघडून पाहिलं. नुसती पानं. चहा फिरला होता की माझं डोकं? तोंडानं मात्र पुन्हा “छान.”

भाऊजींनी कप न पिताच खाली ठेवला. “राहू द्या, वहिनी.” वडी कागदात गुंडाळू लागले.

“गोणपाट!” मी ओरडलेच. “दुसऱ्याला ओल्या गोणपाटाचा वास होता. मग लाकूड. मग आवळ्यावरचं पाणी!”

आता चिडतील, म्हणून मी पदर सावरून उठले. तर त्यांनी कप उचलला, डोळे मिटले. “परत सांगा. सावकाश.” एकेका शब्दाला एकेक घोट घेतला.

आता भाऊजी नाहीत. उरलेला तुकडा माझ्या साड्यांमध्ये आहे. अजूनही दर कपाला वेगळंच काही लागतं आणि मला काही कळत नाही. कळलं ते एवढंच, जे त्या दिवशी दारात ते म्हणाले:

“वहिनी, ‘छान’ नावाचा थांबा कुठल्याच मार्गावर नाही. तुम्ही गोणपाट म्हणालात, तेव्हा कुठे माझी गाडी सुटली.”