पुढच्या दारातली पापलेटं

तालुका कुठल्या राज्यात जाणार या घोळात बराच काळ डहाणूत कोणी घर विकत नव्हतं की घेत नव्हतं. महाराष्ट्र झाला, डहाणू महाराष्ट्रात राहिलं आणि घरांवर नुसत्या उड्या पडल्या. सकाळी एखादं घर निघाल्याची कुजबुज झाली की संध्याकाळपर्यंत चार गिऱ्हाइकं आत डोकावून जायची. त्यातलं एक गिऱ्हाईक माझी आई होती.

आम्ही धाकटी डहाणूचे. माझी शाळा खाडी ओलांडून डहाणू गावात. पावसाळ्यात खाडीपार नेणारी होडी बंद पडली की माझी शाळा बंद. सातवीत इतके दिवस बुडाले की मास्तरांनी बजावलं, आठवीत पुन्हा असं झालं तर नाव काढून टाकू. आई डहाणूत दारोदार मासळी विकायची. शाळेमागच्या आळीत दोन खोल्यांचं घर निघालं तशी ती हट्टालाच पेटली. बाबा मासेमारी करायचे. ते म्हणाले, होडी सोडून मी तिथे काय करू? "नका येऊ. आमी दोघी ऱ्हातो," तिने एका दमात सांगून टाकलं. गळ्यातलं सोनं मोडायलाही ती तयार होती.

घरमालक बाजारातला दुकानदार. त्याच्याकडे मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणजे पुढच्या दारी. त्याची म्हातारी आई देवळात गेली की हाच गृहस्थ मागच्या दाराने माझ्या आईकडून मासळी घ्यायचा. वर्षानुवर्षं! त्यानेच शब्द दिला, "घर तुलाच. सोमवारी इसार घेऊन ये."

आमच्याकडे असा मोठा शब्द मिळाला की त्या घरी पापलेटची जोडी जाते. तो मान असतो, आणि मान कोणी मागच्या दाराने देत नाही. इथेच आई चुकली. इतकी वर्षं परसातून जाणारी ही बाई त्या सकाळी धुतलेलं लुगडं नेसली, मला बरोबर घेतलं आणि थेट पुढच्या ओट्यावर चढली. केळीच्या पानावर तिने जोडी ठेवली. चांगली हातभर पापलेटं होती, बाबांनी मुद्दाम राखलेली.

ओट्यावर मालकाची म्हातारी आई जप करत होती. बाजूला चिखले गावचा एक चिकूवाडीवाला बसला होता. त्यालाही तेच घर हवं होतं.

मालक बाहेर आला आणि किंचाळलाच. "हे काय आणलंस? ओटा बाटवलास! आमच्याकडे हे चालत नाही, ठाऊक नाही तुला?"

ठाऊक नाही! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी आईकडे बघत राहिले. आता बोलेल, आता त्याचं सोंग चव्हाट्यावर आणेल. ती वाकली, पान उचललं, पदराने ओटा पुसला आणि म्हणाली, "चुकलं, शेठ."

घर वाडीवाल्याला गेलं. त्याने भाव चढवलाच होता. शब्द मोडायला मालकाला निमित्त हवं होतं, ते आम्ही पानावर वाढून दिलं.

परतताना होडीत मी आईवर तुटून पडले. "सांगितलं का नाहीस सगळ्यांसमोर?"

"कोनाच्या घरात काय शिजते ते मासळीवालीने बोलाचं नाय. एकदा बोलले, का गावातलं एक दार उघडाचं नाय मना."

"आणि माझी शाळा?"

तिने पानावरच्या पापलेटांवर खाडीचं पाणी शिंपडलं. मालकावरचा राग आजही जात नाही, पण त्या दिवशी मला आईचाच जास्त संताप आला होता.

वाडीवाला राहायला आलाच नाही. त्या दोन खोल्यांत त्याने चिकूच्या रिकाम्या पेट्या रचल्या. पावसाळ्यात होडी बंद पडली आणि माझं नाव पटावरून गेलं.

पाऊस सरल्यावर आईने मला एक लहान टोपली घेऊन दिली. पहिल्याच दिवशी ती मला त्या मालकाच्या मागच्या दारी घेऊन गेली. "आता ही येल," ती म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मासळी घेतली आणि कागदाची एक पुडी माझ्या टोपलीत टाकली. मागल्या खेपेचे काटे होते त्यात. म्हातारीला दिसू नयेत म्हणून ते खाडीत टाकायचं कामही मासळीवालीचंच होतं.

मी पुडीवर फडकं ओढलं आणि गुपचूप पुढच्या घरी गेले.